रेंजच्या फॉर्मवरचे चार रकाने

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं थोडं इकडचं तिकडचं तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

एकदा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. मावशी इचलकरंजीला असते. काका यंत्रमागावर आहेत. एवढ्या उशिरा फोन म्हणजे मी घाबरलोच. पण मावशी एकदम मुद्द्यावर आली. "बाळा, पोरगी रायफलचं खूळ घेऊन बसलीया. कुठल्यातरी ॲकॅडमीचा फॉर्म आणलाय. तेवीस हजार मागतायत. सोसायटीतनं उचलू का नको, तेवढं सांग."

माझी मावसबहीण अकरावीत आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेला पदक मिळालं तेव्हापासून तिच्या डोक्यात हे आहे. स्वप्निल राधानगरी तालुक्यातला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. तिने मला फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. अठरा हजार वर्षाची फी, पाच हजार प्रवेश फी. खाली बारीक अक्षरात नियम.

मावशीने मला विचारलं त्याला कारण आहे. मी स्वतः बावीस वर्षांचा असताना एका रेंजची मेंबरशिप घेतली होती आणि तोंड पोळून घेतलं होतं. ती गोष्ट पुढे सांगतोच. पण या वेळी फॉर्म बघताना मला वेगळंच काहीतरी दिसलं. त्यात चार रकाने होते, आणि त्या प्रत्येकाच्या मागे एक जुनी भांडणाची गोष्ट होती. पैसे भरायचे की नाही याचं उत्तर मला त्या गोष्टींतच सापडलं. म्हणून आजचा भाग.

पहिला रकाना : तुम्ही कोण?

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. आता बघा, जिमला कुणी चारित्र्य विचारत नाही. पोहायच्या तलावावर फार तर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. मग इथेच का?

याचं मूळ १८७८ मध्ये आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातल्या लोकांकडची हत्यारं काढून घ्यायचं काम सुरू झालंच होतं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, त्यावर पक्कं कुलूप बसलं. शस्त्र कायदा आला. बंदूक बाळगायची तर सरकारी परवाना हवा. आता हे ऐकून वाटेल की ठीकच आहे, परवाना आजही लागतोच की. पण खरी मेख सवलतीत होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना या परवान्यातून सूट होती. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन माणसं बंदूक घेऊन चाललीत, तर कुणाला अडवायचं हे कातडीवरून ठरणार. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधन घालणारा कायदाही याच लिटनने आणला होता. लेखणी आणि बंदूक, दोन्ही एकाच वर्षात.

आता जरा इंग्लंडमध्ये जाऊ, कारण रायफल क्लब ही कल्पना तिथून आली. १८५९ साली इंग्लंडला फ्रान्सच्या हल्ल्याची धास्ती वाटत होती. गावोगाव साधी माणसं स्वयंसेवक रायफल तुकड्यांत भरती व्हायला लागली. पण नुसती भरती करून काय उपयोग, नेम नको? म्हणून त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. जुलै १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावर पहिली स्पर्धा झाली आणि पहिली गोळी खुद्द राणी व्हिक्टोरियाने झाडली. रायफल एका स्टँडवर आधीच नेम धरून बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. गोळी जवळजवळ मधोमध लागली! पुढे विम्बल्डनला वस्ती वाढली, तेव्हा १८९० साली ती सगळी जत्रा सरे परगण्यात बिस्लीला हलली. बिस्लीची रेंज आजही चालू आहे.

तर मुद्दा असा की रायफल क्लबचा मेंबर होणं म्हणजे तिथे सरकारने नागरिकाच्या खांद्यावर हात ठेवण्यासारखं होतं. तुझ्यावर आमचा भरवसा आहे, ये, शीक.

हिंदुस्थानातही स्वयंसेवक तुकड्या होत्या. मुंबईत होत्या, कलकत्त्यात होत्या. पण त्या मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. १८८५ च्या सुमारास रशियाशी युद्ध होणार अशी हवा होती, तेव्हा शिकल्यासवरलेल्या हिंदी तरुणांनी अर्ज केले की आम्हालाही घ्या. त्यांना दार बंद. लक्षात घ्या, हे बंडखोर नव्हते. इंग्रजांच्या बाजूने लढायला तयार होते! तरी नाही. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायदा सैल करायची मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार उशिरा कळली. जानेवारी १९३० मध्ये, दांडीयात्रेच्या थोडं आधी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनसमोर अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा, ही आपल्याला शाळेत शिकवलेली. पण त्याच यादीत अशीही एक मागणी होती की स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या आणि त्यावर लोकांचं नियंत्रण ठेवा. होय, गांधीजी! अहिंसा सांगणारा माणूस परवाने मागतोय, कारण प्रश्न बंदुकीचा कमी आणि भरवशाचा जास्त होता. पुढच्याच वर्षी, १९३१ च्या कराची अधिवेशनात, मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग स्वातंत्र्य मिळालं. घटना लिहायला बसले. आता हा हक्क येणार ना? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी सुधारणा मांडली. कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घ्यायचं, असं झालं तर राज्य चालवायचं कसं? आणि हा हक्क दिला तर चांगल्या माणसाबरोबर गुन्हेगारालाही मिळेल. कामतांची सुधारणा पडली. आज घटनेत जमण्याचा हक्क आहे, पण 'शांततेने आणि विनाशस्त्र'.

मला दोघांचंही पटतं. कामतांच्या पाठीमागे साठ-सत्तर वर्षांचा अपमान होता. आंबेडकरांच्या समोर नुकताच फाळणीचा रक्तपात पाहिलेला देश होता. देशाने आंबेडकरांचं ऐकलं, आणि मला वाटतं ते बरोबर केलं. पण मग एक प्रश्न उरला. ज्याला मारामारी करायची नाही, स्वसंरक्षणही नको, फक्त कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचाय, त्याने काय करायचं?

दुसरा रकाना : संलग्नता क्रमांक

या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे दादासाहेब. जन्म १८८८, बडोद्याचा. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. अहमदाबादेत वकिली केली, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेले, आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. आपल्याला ते तिथूनच माहीत. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९५१ साली, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष होते हेच मावळंकर. आजही नेमबाजांच्या तोंडी 'यंदा मावळंकर खेळायचंय' हे वाक्य असतं. ती त्यांच्याच नावाची अखिल भारतीय स्पर्धा. अनेक मुलांना ते नाव माहीत असतं, माणूस माहीत नसतो.

विचार करा. ज्या पिढीला व्हाइसरॉयने रायफल हातात धरू दिली नाही, त्या पिढीतला एक खादीधारी वकील स्वतंत्र देशात नेमबाजीची संघटना काढतो. आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचे नेमबाज उतरतातसुद्धा.

मग आला १९५९ चा शस्त्र कायदा. १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. लिटनचा कायदा गेला. आणि या नव्या कायद्याच्या कलम १३ मध्ये एक छोटीशी तरतूद आहे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल हवी असेल, तर बाकीच्या अटी पाळून परवाना द्यावा.

'सदस्य' हा शब्द थेट कायद्यात आहे, मंडळी. घटनेने सरसकट हक्क नाकारला होता, तिथे कायद्याने एक छोटं दार ठेवलं आणि त्या दारावर पाटी लावली : सदस्यांसाठी. क्लबने शस्त्रांची नोंद ठेवायची, गोळ्यांचा हिशोब ठेवायचा, कुणाला आत घेतलं याची जबाबदारी घ्यायची. आंबेडकरांची काळजी आणि कामतांची मागणी या दोघांच्या मधोमध क्लब उभा राहिला. पहिल्या रकान्यात तुमचं चारित्र्य विचारतात ते म्हणूनच. तुमच्यासाठी क्लब जामीन राहतोय.

आता तुमच्यापैकी कुणीतरी लगेच म्हणेल, "दादा, पण एअर रायफलला तर परवाना लागतच नाही!" बरोबर. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेतली दहा मीटरची एअर रायफल आणि एअर पिस्तूल त्यातच बसतात. म्हणूनच तर गल्लोगल्ली एअरगनच्या ॲकॅडम्या निघाल्या. परवान्याची झंझट नाही, दहा-बारा मीटरचा हॉल मिळाला की झालं.

पण इथेच माझं तोंड पोळलं होतं.

मी बावीस वर्षांचा, पहिली नोकरी, पहिला पगार. एका ठिकाणी गेलो. तीन महिन्यांचे नऊ हजार. "सगळं यात आलं" म्हणाले. मी भरले. मग हळूहळू कळलं की 'सगळं' म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची लेन आणि दिवसाला चाळीस छर्रे. त्याच्यावर प्रत्येक छर्रा वेगळा. जाकीट नाही, ते विकत घ्या. दोन रायफली, बारा मुलं. तरी मी रमलो होतो, खरं सांगतो. तिसऱ्या महिन्यात माझा स्कोर बरा यायला लागला आणि मी कोचना विचारलं, जिल्हा स्पर्धेचा अर्ज कुठे भरायचा? ते जरा थांबले आणि म्हणाले, "आपलं रेकग्निशन प्रोसेसमध्ये आहे."

म्हणजे नव्हतं. म्हणजे तीन महिने मी ज्या जिन्यावर चढतोय असं समजत होतो, तो जिना वरच्या मजल्याला जोडलेलाच नव्हता.

हा जिना कसा असतो ते सांगतो, कारण यातच मेंबरशिपची खरी किंमत आहे. खाली क्लब किंवा जिल्हा संघटना. तिच्यावर राज्य संघटना, आपल्याकडे महाराष्ट्र रायफल असोसिएशन, जिची वरळीची रेंज मुंबईकरांना माहीत असेल. तिच्यावर राष्ट्रीय संघटना. तुम्ही राज्य स्पर्धा खेळता, आपल्या राज्य स्पर्धेला कॅप्टन इझिकिएल यांचं नाव आहे. तिथे ठरावीक किमान गुण केले की पुढची पायरी, मग मावळंकरसारखी पात्रता स्पर्धा, मग राष्ट्रीय. प्रत्येक पायरीवर विचारतात, कुणाकडून आलात? तुमचा क्लब त्या साखळीत नसेल तर घरच्या भिंतीवर नेम मारा किंवा त्या हॉलमध्ये मारा, कागदावर सारखंच.

म्हणून संलग्नतेचा रकाना फीच्या आधी बघायचा. मजा म्हणून, तणाव घालवायला, शनिवारी-रविवारी तासभर जायचं असेल तर संलग्नता नसली तरी काही बिघडत नाही. सुरक्षा नीट आहे ना एवढं बघा. पण स्पर्धा खेळायच्या असतील तर तो क्रमांक हवाच. 'प्रोसेसमध्ये' हे उत्तर म्हणजे 'नाही' असं समजून चाला.

मावसबहिणीने पाठवलेल्या फॉर्मचा फोटो मी झूम करून पाहिला. त्या रकान्यात छापील रेघ होती. रेघेवर काही नव्हतं.

तिसरा रकाना : वय आणि पालकांची सही

हा छोटा आहे, पण यावरून घरात वाद होतात, म्हणून सांगतो. शस्त्र कायद्याप्रमाणे स्वतःच्या नावावर परवाना घ्यायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात. आधी ही मर्यादा सोळा होती, १९८३ साली कायदा बदलून ती वाढवली. पण त्याच कायद्यात प्रशिक्षणासाठी वेगळी सोय आहे. बाराव्या वर्षापासून, मोठ्या माणसाच्या थेट देखरेखीखाली, नेमबाजी शिकता येते. म्हणजे अकरावीतली मुलगी शिकू शकते, स्पर्धा खेळू शकते. तिच्या नावावर टू-टू रायफल मात्र आत्ता होणार नाही. त्यामुळे कुणी "दोन महिन्यांत परवाना काढून देतो" म्हणाला, तर पर्स बंद करून घरी या.

याच रकान्याखाली रेंजचे नियम असतात. नळी कायम टार्गेटच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. सराव नसताना नळीत सेफ्टी फ्लॅग. 'स्टॉप' म्हटलं की आहे तिथे थांबायचं, आणखी एकच मारतो असं नाही. पुढे कुणी टार्गेटकडे गेलं असेल तर कुणीही हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या त्या रेंजवर फी, जाकीट, छर्रे सगळ्यात घोळ होता, पण हे नियम कोचने एकदाही सैल सोडले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. एक मुलगा मैत्रिणीला दाखवायला रायफल घेऊन मागे वळला, त्याला कोचने त्याच क्षणी बाहेर काढलं. फी परत केली आणि दार दाखवलं. त्या दिवशी मला कळलं, मेंबरशिप रद्द करण्याचा नियम ज्या रेंजवर कडक आहे, ती रेंज चांगली.

चौथा रकाना : फी

आता पैशांवर येतो. मावशीचा प्रश्न तोच होता.

फीचा आकडा बघून लोक घाबरतात किंवा खूश होतात. दोन्ही चूक. नेमबाजीत फी हा खर्चाचा उंबरठा आहे, घर पुढे आहे. साधा हिशोब करू. दहा मीटर एअर रायफलच्या मॅचमध्ये साठ शॉट असतात. त्याआधी नेम जुळवायचे शॉट वेगळे. सरावाला रोज पंचाहत्तर धरू. छर्ऱ्यांचा डबा साधारण पाचशेचा येतो. पाचशे भागिले पंचाहत्तर, एक डबा सात दिवससुद्धा पुरत नाही. आठवड्याला सहा दिवस, वर्षाला पन्नास आठवडे, तर बावीस हजार पाचशे छर्रे. पंचेचाळीस डबे. दुकानात एका डब्याचा भाव विचारा आणि पंचेचाळीसने गुणा. तो आकडा फीच्या शेजारी लिहा. मग जाकीट, पॅन्ट, बूट, हातमोजा. मग स्पर्धांची प्रवेश फी आणि प्रवास. आणि हे एअर रायफलचं झालं. स्वप्निलची पन्नास मीटरची रायफल टू-टू काडतुसांवर चालते. ती पन्नासच्या खोक्यात येतात, एका मॅचला एक खोकं पुरत नाही, आणि एक काडतूस एका छर्ऱ्याच्या कितीतरी पट महाग.

हा खर्च आजवर कुणी उचलला? इथे परत इतिहास. सुरुवातीच्या काळात नेमबाजी म्हणजे संस्थानिकांचा खेळ. बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवलं. दिल्लीतल्या तुघलकाबादच्या रेंजला त्यांचंच नाव आहे. दुसरी वाट सैन्याची. राज्यवर्धन राठोड, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचं रौप्य, लष्करी अधिकारी. तिसरी वाट घरच्या ताकदीची. अभिनव बिंद्राच्या वडिलांनी घरीच रेंज बांधून दिली आणि २००८ मध्ये बीजिंगला देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आलं. यात अभिनवच्या कष्टाला कमी लेखत नाही. पण घरी रेंज किती जणांच्या असते?

चौथी वाट आपल्या महाराष्ट्राने जास्त तुडवली आहे. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत गेली, तिथे रायफल हातात आली, आणि २००० साली सिडनीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं. कोल्हापुरातल्या नेमबाजांशी बोललात तर दुधाळीच्या रेंजचं नाव हमखास येतं. आणि स्वप्निल २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला, नंतर रेल्वेत नोकरीला लागला. त्याच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं पदकानंतर वर्तमानपत्रांत आलं. १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुण आणि कांस्य. १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांसाठीही कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. बहात्तर वर्षांनी पदक परत आलं, आणि त्याच्यासोबत कर्जही परत आलं.

इथे मला माझा मुद्दा सांगायचाय. १८७८ च्या कायद्याने रायफल कुणाच्या हातात जाईल हे कातडीवरून ठरवलं. आपण ते बदललं. १९५९ पासून कायदा म्हणतो, क्लबचा सदस्य हो, ये. पण सदस्य व्हायला जर तेवीस हजार आणि वर्षाला पंचेचाळीस डबे लागत असतील, तर दारावरची पाटी बदलली आणि दार तेवढंच अरुंद राहिलं. ते दार रुंद ठेवतात त्या सरकारी रेंज, क्रीडा प्रबोधिनी, कॉलेजातली एनसीसी. पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळी. त्यांचं छत गळतं, टार्गेट बदलायला वेळ लागतो, म्हणून आपण नाकं मुरडतो आणि एसी ॲकॅडमीकडे जातो. खाजगी ॲकॅडमी वाईट असतात असं मी म्हणत नाही. चांगले कोच तिथेही आहेत, वेळ सोयीची असते, यंत्रं नवी असतात. ज्याला परवडतं त्याने जरूर जावं. पण मावशीसारख्या माणसाने कर्ज काढायच्या आधी सार्वजनिक दार ठोठावून बघावं.

मावशीला मी काय सांगितलं

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हटलं, मावशी, सोसायटीत जाऊ नकोस अजून. आधी तिला ॲकॅडमीत पाठव आणि पाच प्रश्न विचारायला सांग. राज्य संघटनेचा संलग्नता क्रमांक काय? फीमध्ये रायफल, छर्रे, लेन, कोच यातलं काय काय येतं, लेखी द्याल का? एका रायफलवर किती मुलं? मध्येच सोडलं तर पैसे परत किती? आणि नियम मोडला तर काय करता? पाचही उत्तरं कागदावर घेऊन यायची.

दुसरं, कॉलेजात एनसीसी आहे का विचार. तिसरं, एका रविवारी दोघी एसटीने कोल्हापूरला जा, सरकारी रेंज बघा, तिथल्या मुलींच्या आयांशी बोला. वेबसाइटवर सापडत नाही ते त्या बायका पाच मिनिटांत सांगतील.

आणि बहिणीला वेगळं सांगितलं, कारण तिला राग आला होता. तिला वाटलं मी खोडा घालतोय. मी म्हटलं, नेमबाजांचा बराच सराव छर्रा न मारताच होतो. ड्राय सराव म्हणतात त्याला. उभं राहायचं, श्वास सोडायचा, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत हात स्थिर ठेवायचा. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनच्या टोकाएवढा. रोज वीस मिनिटं दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली धरून त्या ठिपक्यासमोर उभी राहा. महिनाभर कंटाळा आला नाही तर मला सांग, जाकिटाचे पैसे माझे.

मावशीचा काल मेसेज आला. व्हॉइस नोट, मागे मागाचा खडखडाट. ॲकॅडमीवाल्यांनी क्रमांक दिला नाही. 'प्रोसेसमध्ये' आहे म्हणाले. मी हसलो नाही, खरंच. मला ते नऊ हजार आठवले. पुढे मावशी म्हणाली, "कालेजात एनसीसीचा फॉर्म भरलाय. ते फुकटात हाय. आनि ही रोज संध्याकाळी बाटली धरून भिंतीसमोर उभी ऱ्हाती, काका म्हनत्यात पोरीला वारं लागलंय."

एकोणीस दिवस झालेत. अकरा दिवस राहिले. मी जाकिटांचे भाव बघायला सुरुवात केली आहे.

तुमच्यापैकी कुणी एनसीसीतून किंवा जिल्ह्याच्या रेंजवरून नेमबाजी सुरू केली असेल तर तुमचा अनुभव आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत फॉर्म कुठलाही असो, रिकामी रेघ आधी बघा. भेटूच.